छत्रीवाली की केबिनवाली? ठाण्यात रोज वापरायला कुठली बाबागाडी

आमच्याकडे दोन्ही आहेत, एक नणंदेकडून आलेली छत्रीसारखी मिटणारी, दुसरी बॅगेएवढी घडी होणारी केबिनवाली, म्हणजे विमानाच्या केबिनमध्ये सोबत नेता येईल अशी. छत्रीवालीची आयडिया जुनी, ओवेन मॅकलॅरन या विमानवाल्या इंजिनिअरने 1965 साली काढली, आणि अजून चालतेय कारण मिटली की लांब दांडा होतो, रिक्षात पायाशी आडवी टाकली की संपलं. पण आमची मिटवायला दोन हात आणि वर एक पाय लागतो, लेक कडेवर असताना घोडबंदर रोडला बसच्या दारात ते जमवून दाखवा! केबिनवाली एका हाताने मिटते, पट्टा खांद्याला अडकवून ठाणे स्टेशनचा पूल चढते मी. वजन दोन्हींचं सहा-सात किलोच. चाकं मात्र दोन्हींची बारकी, तलावपाळीला फुटपाथच्या फटीत पुढचं चाक अडकलं की गाडी उलटी फिरवून ओढायची. आणि हँडलला भाजीची पिशवी लावून पोरीला उचलू नका, गाडी मागे कलंडते (माझे अर्धा किलो टोमॅटो असेच गेले). छत्रीवालीची पाठ मागे जात नाही, झोपली की मान लोंबकळते. रोज लोकल-रिक्षा असेल तर केबिनवालीच, नुसतं बिल्डिंगखाली फिरवायला छत्रीवाली बास. कुठलीही घ्या, खांद्यावरूनही येणारा पाच पट्ट्यांचा बेल्ट आहे ना तेवढं बघा.