लहान मुलांसह परदेशी जाताना: तिथल्या भाषेची शाळा की आंतरराष्ट्रीय शाळा?

परदेशातली नोकरी पक्की झाली की घरात आधी भाड्याच्या घराची आणि सामानाची चर्चा होते. शाळेचं ‘तिकडे गेल्यावर बघू’ होतं. हा क्रम उलटा करा, असं आम्ही आग्रहाने सांगू. घर सहा महिन्यांत बदलता येतं. शाळा बदलली की मुलाला पुन्हा नव्या बाई, नवे सवंगडी आणि कित्येकदा पुन्हा नवी भाषा. शिवाय बऱ्याच देशांत सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते, त्यामुळे घर घेताना नकळत शाळाही घेतली जाते.

ही तुलना ३ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी आणि इंग्रजी ही जिथली भाषा नाही अशा देशांसाठी आहे: जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, फिनलंड, जपान वगैरे. एकीकडे तिथल्या भाषेत चालणारी सरकारी शाळा किंवा बालवाडी, दुसरीकडे बहुतेक वेळा इंग्रजीत चालणारी खासगी आंतरराष्ट्रीय शाळा.

आधी मुक्काम मोजा, मग वय

लोक पहिला प्रश्न वयाचा विचारतात. आमच्या मते तो दुसरा आहे. पहिला प्रश्न: तिसऱ्या वर्षीही आपण याच देशात असू का?

दोन वर्षांत नक्की परतायचं किंवा तिसऱ्या देशात जायचं असेल आणि मूल सहाच्या पुढे असेल, तर आंतरराष्ट्रीय शाळा बरी. अभ्यासक्रम पुढच्या गावी सापडतो. जिनिव्हात १९६८ साली स्थापन झालेल्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) संस्थेचा प्राथमिक कार्यक्रम ३ ते १२ वयासाठी आहे आणि तो अनेक देशांत चालतो. पाच वर्षं किंवा त्याहून जास्त राहायचं असेल, तर तिथल्या भाषेची शाळा, आणि ती पहिल्या दिवसापासून. मधल्या दोन ते चार वर्षांच्या मुक्कामातच खरी ओढाताण होते आणि तिथे वय निर्णायक ठरतं.

सहाच्या आतलं मूल असेल तर एका वर्षासाठीसुद्धा स्थानिक बालवाडीत घालायला हरकत नाही. या वयात बुडण्यासारखा अभ्यास नसतो, आणि वाळूत, झोपाळ्यावर भाषा शिकायला याहून चांगली जागा मिळत नाही.

भाषा: बोलता येणं आणि शिकता येणं

‘मुलं काय, सहा महिन्यांत फाडफाड बोलायला लागतात’ हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि त्याच्या भरवशावर बरेच निर्णय चुकतात. कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ साली एकाच भाषेच्या दोन रूपांमधला फरक मांडला: खेळायला, भांडायला, पाणी मागायला लागणारी एक आणि शाब्दिक गणित समजायला, धडा वाचून उत्तर लिहायला लागणारी दुसरी. पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला बरोबरीच्या मुलांइतकी पक्की व्हायला पाच ते सात वर्षं लागतात. मैदानावर अस्खलित बोलणारं मूल वर्गात मागे पडतं तेव्हा ते आळशी नसतं. त्याची ही अभ्यासाची भाषा अजून तयार होत असते.

म्हणून स्थानिक शाळेत शिरण्याची सगळ्यात सोयीची वेळ म्हणजे अख्खा वर्ग अक्षरं गिरवायला बसतो त्याच्या वर्ष-दोन वर्षं आधी. जर्मनीत शाळा सहाव्या वर्षी सुरू होते, फिनलंडमध्ये सातव्या. चार-पाचव्या वर्षी तिथल्या बालवाडीत गेलेलं मूल खेळातली भाषा घेऊनच पहिलीत पोचतं आणि अक्षरं मात्र सगळ्यांबरोबर शून्यापासून शिकतं.

आठ-नऊव्या वर्षी चित्र पालटतं. तिसरी-चौथीत वाचन हा विषय उरत नाही, बाकीचे विषय वाचनातून शिकायचे असतात. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर मूल कोणत्या प्रकारच्या माध्यमिक शाळेत जाणार हे ठरतं (बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर). नवव्या वर्षी तिथे पोचलेल्या मुलाला त्या वळणापर्यंत जेमतेम वर्षभर मिळतं. अशा मुलाला स्थानिक शाळेत घालायचं तर स्वागतवर्ग कसा आहे ते आधी खोदून विचारा. फ्रान्स, जर्मनी, फिनलंड इथे नव्याने आलेल्या मुलांसाठी भाषेचे वेगळे वर्ग असतात. फिनलंडमधला पूर्वतयारीचा वर्ग साधारण एका शालेय वर्षाइतका असतो. विचारायचं ते असं: मूल दिवसभर वेगळ्या वर्गात बसेल की काही तास? खेळ, चित्रकला, संगीत नेहमीच्या वर्गाबरोबर होईल का? स्वागतवर्ग संपल्यावर याच इमारतीत राहील की दुसऱ्या शाळेत जाईल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘दुसऱ्या’ असेल, तर जोडलेले मित्र वर्षभरात तुटणार हे धरून चाला.

आंतरराष्ट्रीय शाळेबद्दलचा मोठा गैरसमज इथेच सांगायला हवा. ती सोपी वाटते कारण आईवडिलांना इंग्रजी येतं. मुलाला येतं का? मराठी माध्यमात शिकलेलं किंवा घरी फक्त मराठी बोलणारं पाच वर्षांचं मूल तिथेही तितकंच गप्प बसेल. त्यातून बागेत आणि दुकानात तिसरीच भाषा. दोन नव्या भाषा एकदम समोर आणि त्यातली देशाची भाषा शाळेत आठवड्याला काही तासच, अशा मुलाचे पहिले महिने स्थानिक शाळेतल्या मुलापेक्षा हलके जात नाहीत. मूल आधीपासून इंग्रजीत वाचत असेल तरच हा मार्ग खरोखर सोपा आहे.

आकड्यांमध्येही गंमत आहे. जर्मनमध्ये २४ म्हणताना आधी चार, मग वीस, म्हणजे आपल्या चोवीससारखंच. मराठीत मोजणाऱ्या मुलाला ते पटकन समजतं, इंग्रजीत मोजायला शिकलेलं मूल ४२ लिहून बसतं. युरोपच्या बऱ्याच भागात दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो, १ आणि ७ वेगळे काढतात. फ्रान्समध्ये पहिलीपासून जोडून लिहिलेलं वळणदार अक्षर अपेक्षित असतं. वहीत लाल रेघा दिसल्या तर आधी या गोष्टी तपासा, मूल गणितात कच्चं आहे असं लगेच ठरवू नका.

पहिले तीन महिने

दोन्ही शाळांत मूल काही आठवडे, कधी काही महिने नव्या भाषेत बोलणारच नाही. तोंड उघडण्याआधी कान भरण्याचा हा काळ असतो. ‘बोल ना, सांग ना बाईंना’ असा तगादा लावला की तो लांबतो. खूण एकच पाहायची: घरी आपल्या भाषेत नेहमीसारखी बडबड चालू आहे ना, खेळ चालू आहे ना? घरातही बोलणं आटलं, झोप किंवा खाणं आठवड्यांमागून आठवडे बिघडलेलंच राहिलं, तर डॉक्टरांकडे जा. ऐकण्याची आणि डोळ्यांची तपासणी मात्र निघण्यापूर्वीच करून घ्या. नंतर मूल शिक्षकांकडे बघत नाही, हाकेला ओ देत नाही, तेव्हा दोष भाषेचा की कानाचा हे परक्या भाषेत शोधणं फार अवघड जातं. आणि शाळेने बोलण्यात किंवा शिकण्यात अडचण आहे असं सुचवलं, तर दोन्ही भाषांत तपासणी मागा. फक्त नव्या भाषेत घेतलेल्या चाचणीवरून निष्कर्ष मान्य करू नका.

दोन्हींतला मोठा फरक रुळवण्याच्या पद्धतीत आहे. जर्मन बालवाड्यांत बर्लिन मॉडेल बरंच रूढ आहे: पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलाबरोबर वर्गात बसतात, चौथ्या दिवशी पहिल्यांदा थोड्या वेळासाठी बाहेर जातात आणि मुलाचा प्रतिसाद पाहून वेळ वाढवतात. यात दोन-तीन आठवडे जातात, कधी जास्त. दोघांनीही पहिल्या सोमवारपासून नोकरी धरली तर हे जमत नाही, आणि घाईने आटोपलेलं रुळवणं पुढे महिनाभर रडण्यात निघतं. म्हणून एकाने रुजू होण्याची तारीख किमान तीन आठवडे पुढची घ्यावी. आंतरराष्ट्रीय शाळांत बहुधा एखादा ओळखीचा दिवस असतो आणि मग पूर्णवेळ शाळा. मधूनच येणाऱ्या मुलांची शिक्षकांना सवय असते, वर्गात आणखी दोघं-तिघं नवी असतात आणि ‘हा एकटाच वेगळा’ असं होत नाही. तीनचार वर्षांच्या हळव्या मुलाला मात्र हा वेग झेपत नाही.

वेळाही विचारून ठेवा. जर्मनीत अनेक प्राथमिक शाळा दुपारीच सुटतात, दुपारनंतरच्या पाळणाघराचा अर्ज वेगळा असतो आणि तिथल्या जागा शाळेच्या जागांपेक्षा आधी भरतात.

प्रवेश आणि कागद

स्थानिक शाळेचा क्रम ठरलेला: घर, मग पालिकेत पत्त्याची नोंदणी, मग शाळा. पत्ता नाही तर अर्ज नाही. त्यामुळे तात्पुरत्या भाड्याच्या खोलीवर नोंदणी करता येईल का, हे घरमालकाला आधी विचारा. आंतरराष्ट्रीय शाळेत पत्ता लागत नाही, अर्ज आधीपासून करता येतो, पण प्रतीक्षायादी असते आणि अर्जाचं शुल्क बहुधा परत मिळत नाही.

शैक्षणिक वर्षाची सुरुवात वेगळी असते: जपानमध्ये एप्रिल, ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या अखेरीस, युरोपात बहुतेक ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबर. वयाची तारीखही प्रत्येक देशाची निराळी. एकाच मुलाला दोन देशांत एका इयत्तेचा फरक पडू शकतो. शंका असेल तर खालची इयत्ता घ्या, असं आमचं मत आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला वर्षभर जास्त मिळाल्याने काही बिघडत नाही.

कागद दोन्हीकडे जवळपास तेच: जन्मदाखला, लसीकरणाचं मूळ पुस्तक, मागच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला. जन्मदाखल्यावर, तो देश मानत असेल तर, आधी अपोस्टील (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का), मग अधिकृत भाषांतर, कारण भाषांतरात शिक्काही यायला हवा असतो. दाखला लॅमिनेट केलेला असेल तर नवी प्रत काढा. पासपोर्ट आणि जन्मदाखल्यावरचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर जुळवा. जर्मनीत १ मार्च २०२० पासून गोवराच्या लसीच्या पुराव्याशिवाय बालवाडीत घेत नाहीत. पहिला डोस वर्ष पूर्ण होण्याआधी दिला असेल तर काही देश तो मोजत नाहीत, म्हणून प्रत्येक डोसची तारीख स्वच्छ दिसायला हवी. बीसीजीची नोंदही जपा. ती लस घेतलेल्या मुलाची क्षयरोगाची त्वचाचाचणी कधी कधी विनाकारण सकारात्मक येते.

पैशाचं एवढंच: आंतरराष्ट्रीय शाळेची फी कंपनी देणार असेल तर करारात ‘शिकवणी शुल्क’ एवढाच शब्द आहे का ते वाचा. नोंदणी, इमारत निधी, बस, जेवण, भाषेचा जादा वर्ग हे बहुधा वेगळं असतं. मदत किती वर्षं आणि किती मुलांसाठी, तेही लिहून घ्या. मदत थांबली म्हणून मूल आठव्या वर्षी स्थानिक शाळेत येणं ही सगळ्यात वाईट अदलाबदल, कारण तेव्हा सोयीचं वय निघून गेलेलं असतं. ही शक्यता दिसत असेल तर चौथ्या वर्षीच स्थानिक बालवाडी धरा.

घर, शेजार, परतीची वाट

स्थानिक शाळा मुलाबरोबर आईवडिलांनाही त्या गावात ओढून नेते. वर्गातले मित्र चालत जाण्याच्या अंतरावर राहतात, वाढदिवसाची बोलावणी येतात, पालकसभा समजावी म्हणून आपणही भाषा शिकतो. आंतरराष्ट्रीय शाळेत पालक पटकन मोकळे बोलतात, मदतीला धावतात, पण कुटुंबं सतत बदलत असतात. दर जूनमध्ये कोणी ना कोणी निघून जातं. पाच वर्षांच्या मुलाला ‘माझा मित्र कुठे गेला?’ याचं उत्तर वर्षागणिक द्यावं लागतं, हे तिथल्या पालकांनी मनाशी धरून ठेवावं.

शाळा कोणतीही असो, घरची भाषा सोडू नका. शिक्षकांनी सांगितलं तरी मोडक्या परक्या भाषेत मुलाशी बोलू नका. पहिल्या भाषेतली समज पक्की असेल तर तीच दुसरीला आधार देते. मूल मराठी प्रश्नाला दुसऱ्या भाषेत उत्तर देऊ लागलं की रागावू नका, तेच वाक्य मराठीत म्हणून पुढे चला. परतायचं असेल तर बोलणं पुरत नाही. रोज पंधरा मिनिटं देवनागरी वाचन आणि दोन-चार ओळी लेखन लागतं, आणि हे आंतरराष्ट्रीय शाळेतल्या मुलालाही तितकंच लागू आहे.

निघताना शाळेकडून चार गोष्टी सहीशिक्क्यासह मागून घ्या: हजेरीचा कालावधी, इयत्ता, प्रगतिपुस्तकाच्या प्रती आणि वर्षभरात काय शिकवलं याची यादी. आंतरराष्ट्रीय शाळेत ही यादी इंग्रजीत तयार असते. स्थानिक शाळेकडे ती उन्हाळी सुट्टी लागायच्या महिनाभर आधी मागा, कारण सुट्टीत कार्यालय बंद असतं आणि भाषांतराला दोन आठवडे सहज जातात.