फॉइल असिस्ट: काही महिने वापरल्यानंतर सेटिंगबद्दल थोडं

फॉइल असिस्ट म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जाणाऱ्या फॉइल बोर्डाला जोडायची विजेची मोटर; बोर्ड उठून लाट मिळेपर्यंत ती ढकलते, मग ती बंद करून लाटेवर जायचं. ती घ्यायचा विचार करणारे आधी मोटरची ताकद विचारतात, मग बॅटरी किती टिकते ते. माझ्या मते खरी परीक्षा मोटर बंद केल्यावर होते. ती चालू असेपर्यंत कसंही सेटिंग खपून जातं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं मोटरच्या उंचीने. मास्टवर (बोर्डाखालचा उभा खांब, त्याच्या तळाशी विंग म्हणजे पंख असतात) ती बोर्डाच्या जवळ बसवली की बोर्ड वर उठताच पाण्याबाहेर येते आणि लाटेवर तिचा अडथळा उरत नाही. पण पाणी खवळलेलं असेल तर बोर्ड उचलता उचलता प्रोपेलर हवा ओढतो, घूंऽऽ करत नुसता फिरतो आणि ऐन वेळी जोर जातो. खाली सरकवली तर उठणं हमखास, पण मग लाट संपेपर्यंत ती पाण्यातच. प्रोपेलरची पाती मिटतात हो, मोटर कुठे मिटते? सध्या बोर्डाच्या तळापासून वीतभर खाली ठेवलीय. पाणी शांत असेल तर दोन बोटं वर घेतो.

मास्ट ट्रॅकमध्ये (बोर्डाच्या तळावरची खाच, तिच्यात तो पुढेमागे सरकतो) कुठे बसवायचा हेही यालाच बांधलेलं. मोटरचा जोर विंगच्या बराच वर लागतो, त्यामुळे बोर्ड नुकता उठलेला असताना ती नाक खाली दाबते. ट्रिगर (मोटर चालवायचं हातातलं बटण) सोडला की तो दाब जातो आणि नाक उसळतं. मोटरवर असताना पायांना बरं वाटेल अशा जागी मास्ट बसवला, तर नेमकं लाट पकडताना पुढच्या पायावर रेलावं लागतं. म्हणून मास्ट किंचित मागे घेतला. उठायला जरा जास्त वेग लागतो, पण तो द्यायला मोटर आहेच. बॅटरीची जागा बदलली की मात्र पुन्हा पहिल्यापासून. ट्रॅकच्या कडेला मार्करने खुणा करून ठेवल्यात, त्यांनी बराच वेळ वाचतो.

१५०० चौरस सेंटीमीटरच्या फ्रंट विंगवरून १०००च्या आसपास आलो. वेग मोटर देते, मग मोठी विंग कशाला ओढायची? लहान विंगवर वळणं झकास होतात. वेग पडला की मात्र ती बोर्ड पटकन खाली सोडते आणि पंप करताना (पायांनी बोर्ड वरखाली दाबत वेग टिकवताना) दम काढते. वजन जास्त असेल तर ही उडी एकदम मारू नका.

टेल विंगखालच्या (मागच्या छोट्या पंखाखालच्या) शिमचा, म्हणजे तिचा कोन बदलणाऱ्या पातळ पट्टीचा, खेळ अजून चालू आहे. कोन वाढवला की स्थिरपणा येतो, पण वेगात पुढचा पाय भरून येतो. अर्धा अंशही पायाला कळतो, त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट बदलतो.

देखभालीचं थोडक्यात: कार्बनच्या मास्टला अॅल्युमिनियम भिडतं तिथे खाऱ्या पाण्याने गंज धरतो आणि बोल्ट अडकतात. ग्रीस लावा, दर वेळी सगळं सुटं करून गोड्या पाण्याने धुवा. ओ-रिंगवर (पाणी अडवणारी रबरी कडी) वाळूचा कण राहिला तरी बॅटरीच्या डब्यात पाणी शिरू शकतं. आणि मास्टच्या मागच्या कडेची केबल नीट चिकटवा. टेप थोडी जरी सुटली तरी मास्ट गुणगुणायला लागतो.