पावसाळ्यातला घरचा घाट: वाहू किकर कोअर

पावसाळ्यात सायकलवरून सिंहगडाचा चढ सुटला की माझे पाय ढिले पडतात. म्हणून आधी एक स्वस्त ट्रेनर आणला, म्हणजे सायकल घरात जागेवरच चालवायचं यंत्र; मागचं चाक रोलरवर टेकवायचा. टायर तापला किंवा हवा उतरली की वॉटचा, म्हणजे पाय किती जोर लावतात त्याचा, आकडा भरकटायचा. २०० खरे की १८०, देव जाणे! आता वाहू कंपनीचा किकर कोअर हा ट्रेनर घेतलाय. मागचं चाक काढायचं, चेन थेट त्याच्या कॅसेटवर, म्हणजे मागच्या गिअरच्या दातेरी चक्रांवर. वॉटची अचूकता ±२ टक्के, एफटीपीवर (साधारण तासभर टिकवता येतील तेवढे वॉट) बेतलेल्या इंटर्व्हलना, म्हणजे जोर आणि आराम आलटून पालटून करायच्या सरावाला, पुरते. अर्ग मोडमध्ये (ट्रेनर स्वतःच ठरलेले वॉट राखतो) १८० वॉट लावले की गिअर कुठलाही असो, तो १८०च वसूल करतो. पाय मंदावले तर पेडल दगड होतं. कॅसेट सोबत मिळते का, हे दुकानात आधी विचारा. आणि पंखा हवाच. पहिल्या दिवशी घामानं फरशीवर तळं झालं, बायको अजून ऐकवते.