ट्यून केलेला एफ-१५०, मागे ट्रेलर आणि टाकीत कोणतं ऑक्टेन: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी फोर्ड एफ-१५० पिकअप, ३.५ लिटर इकोबूस्ट (फोर्डचं टर्बो असलेलं) व्ही६ इंजिन, १० गिअरची ऑटोमॅटिक, ३६ गॅलनची टाकी. मागे साधारण ६,५०० पौंडांचा ट्रॅव्हल ट्रेलर. ट्यून म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला बदललेला प्रोग्राम. त्याच्या फाइल तीन: ८७ टो, ९१ टो आणि ९३ परफॉर्मन्स. आकडा म्हणजे फाइलला लागणारं ऑक्टेन (पेट्रोलची आपोआप न पेटण्याची क्षमता), टो म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठीची. टेक्सासचा उन्हाळा आणि कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरचा चढ, दोन्हीकडे वापर झाला आहे.

आधी निष्कर्ष सांगतो. ट्रेलर जोडलेला असेल तेव्हा ट्यूनची फाइल टाकीतल्या पेट्रोलपेक्षा एक पायरी खालची ठेवा. ९३ भरलं असेल तर ९१ टो, ९१ च मिळत असेल तर ८७ टो. ९३ ची फाइल ट्रेलर सोडल्यावर वापरायची.

कारण साधं आहे. एरवी टर्बोचा पूर्ण बूस्ट (इंजिनात दाबून भरलेली हवा) काही सेकंद लागतो, घाट चढताना तोच मिनिटामागून मिनिटं चालू राहतो. ही हवा थंड करणारा इंटरकूलर तापतो, आत जाणारी हवा गरम होते आणि ठिणगीनंतर सिलिंडरमध्ये उरलेलं मिश्रण ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटू लागतं. यालाच नॉकिंग म्हणतात. कंपनीने ठेवलेली मोकळीक ट्यूनने आधीच वापरलेली असते. नॉक सेन्सरला हे कळतं, कॉम्प्युटर टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा देतो, आणि ताकद गळते. वर उशिरा पेटल्यामुळे एक्झॉस्ट जास्त तापतो आणि तो ताप टर्बोला सोसावा लागतो. म्हणजे लांब चढावर ९३ ची फाइल सुरुवातीला जोरात निघते आणि मध्येच ढेपाळते. ९१ टो शेवटपर्यंत एकसारखी ओढते.

भारतातून आलेल्यांसाठी एक खुलासा: अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा आरओएन आणि एमओएन या ऑक्टेन मोजण्याच्या दोन पद्धतींची सरासरी असतो, भारतात आरओएन सांगतात. त्यामुळे इथलं ८७ साधारण तिकडच्या ९१ सारखं आणि इथलं ९१ तिकडच्या ९५ च्या आसपास.

ठिकाणाप्रमाणे गणित बदलतं. टेक्सासमध्ये ९३ सहज मिळतं. कॅलिफोर्निया आणि डोंगराळ राज्यांत प्रीमियम म्हणजे बहुधा ९१. तेव्हा पश्चिमेकडे निघताना ९३ ची फाइल घरीच काढून ठेवावी. कोलोरॅडोत रेग्युलर म्हणून ८५ विकलं जातं. उंचावर हवा विरळ म्हणून ते चालतं, हा हिशेब टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनांचा. टर्बो ती विरळ हवा दाबून भरून काढतो, त्यामुळे या गाडीत ८५ कधीच भरू नका.

टाकीत उरलेलं पेट्रोलही मोजा. ९ गॅलन ८७ शिल्लक असताना २७ गॅलन ९३ भरलं तर मिश्रण ९१.५ होतं, अर्धी टाकी शिल्लक असेल तर फक्त ९०. म्हणून ट्रेलर जोडण्याआधीची टाकी शक्यतो रिकामी करत आणावी. ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीवर विसंबू नका. त्यावरचा एक ‘पॉइंट’ म्हणजे ०.१, त्यामुळे दहा पॉइंट म्हणजे जेमतेम एक ऑक्टेन.

भरलेलं पेट्रोल खरंच चांगलं आहे का, हे ओबीडी ॲडॉप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) आणि फोरस्कॅन या ॲपवर दिसतं. ‘ऑक्टेन ॲडजस्ट रेशो’, म्हणजे पेट्रोलबद्दल कॉम्प्युटरने शिकलेला अंदाज, उणे १ कडे असेल तर उत्तम. शून्याच्या वर सरकला तर पेट्रोल कमी ऑक्टेनचं आहे किंवा जुनं अजून संपलेलं नाही. ट्यून करणाऱ्याने हे शिकणं बंद ठेवलेलं नाही ना, एवढं आधी विचारून घ्या. शिवाय भरल्या भरल्या आकडा बदलत नाही, थोडा लोड देऊन चालवावं लागतं. चढावर सोबत हवेचं तापमान आणि नॉक करेक्शन (नॉकिंगमुळे टायमिंगमध्ये केलेला बदल) बघा. करेक्शनचं अधिक-उणे चिन्ह ॲपप्रमाणे उलटसुलट असतं, तेवढं तपासून घ्या.

सगळं खापर पेट्रोलवर फोडू नका. लोडवर गाडी झटके देत असेल आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर तो बहुतेक मिसफायर (सिलिंडरमधलं मिश्रण नीट न पेटणं) असतो, नॉकिंग नव्हे. आधी स्पार्क प्लग काढून बघा. ट्यूनसाठी एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग आणि ०.०२८ इंचाची गॅप ठीक बसते. वापराने गॅप वाढली की बूस्टमध्ये ठिणगी विझते.

टो/हॉल मोड (ओझं ओढण्यासाठीचं गिअरबॉक्सचं सेटिंग) चालू ठेवून ९ वा आणि १० वा गिअर बंद करा. कमी आरपीएमवर जास्त बूस्ट दिला की ठिणगीआधीच जोरदार स्फोट होऊ शकतो, आणि त्यावर महाग पेट्रोलचा फारसा उपाय चालत नाही. चढावर ३,००० च्या आसपास आरपीएम आणि एपीआय एसपी दर्जाचं ५डब्ल्यू-३० ऑइल, हाच खरा बचाव.

मायलेजसाठी प्रीमियम भरत असाल तर पैसे वाचवा. ट्रेलरसकट गॅलनला ९-१० मैल मिळतात आणि ते वेगावर ठरतात. ताशी ७५ वरून ६५ मैलांवर आलात तर ऑक्टेन बदलण्यापेक्षा जास्त फायदा दिसतो.

फाइल बदलताना ट्रेलरच्या वायरिंगचा प्लग काढा, बॅटरीला चार्जर लावा आणि काम पूर्ण होईपर्यंत केबलला हात लावू नका. कॅलिफोर्नियात नोंदणी असेल तर कार्ब ईओ क्रमांक (तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाची मंजुरी) असलेलीच ट्यून घ्या. इंजिनची वॉरंटी बाकी असेल तर ट्यूनमुळे क्लेम अडू शकतो, हे धरूनच खर्च करा.