पेट्रोलपंपाचं मॉडेल विकत घेण्याआधी जाळी मागा

ठाणे आणि नवी मुंबईत ट्रेन सिम्युलेटरसाठी रूट (संगणकावरचे रेल्वेमार्ग) बांधणाऱ्या सगळ्यांना सावध करण्यासाठी हे लिहीत आहोत. ओपन रेल्स या सिम्युलेटरमधल्या १९३० च्या दशकातल्या अमेरिकन शाखा मार्गावर, स्टेशनाच्या बाजूला ठेवायला जुना पेट्रोलपंप हवा होता. ऐरोलीच्या एका विक्रेत्याने "सगळं स्वतः बनवतो" असं सांगून देखणी रेंडर चित्रं (मॉडेलवरून संगणकाने काढलेली) पाठवली, निम्मे पैसे यूपीआयने आगाऊ घेतले, उरलेले पोचताच फाइल दिली आणि मग फोन उचलणं बंद केलं.

फाइल एफबीएक्स (मॉडेल एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेण्याचं स्वरूप) होती, ज्यात मॉडेल बनवतात त्या ब्लेंडर प्रोग्रामची मूळ फाइल नव्हतीच. उघडल्यावर आकार शंभरपट निघाला: मॉडेल सेंटीमीटरमध्ये, सिम्युलेटर मोजतो मीटरमध्ये. हे एका मिनिटात दुरुस्त होतं. खरा घात जाळीत, म्हणजे ज्या त्रिकोणांनी मॉडेलचा आकार बनतो त्यांत होता. पेट्रोल भरायच्या एकट्या यंत्रालाच, म्हणजे पंपालाच, लाखभर त्रिकोण! गाडीतून दिसणाऱ्या पेट्रोलपंपाच्या अख्ख्या आवाराला, छत आणि खांब धरून, तीन-चार हजार पुरतात, आणि लांबून दिसण्यासाठी त्याच्या आणखी हलक्या आवृत्त्या लागतात. त्या नव्हत्याच. शिवाय प्रत्येक भागाला वेगळं मटेरियल (पृष्ठभाग कसा दिसावा याची मांडणी) आणि ४०९६ पिक्सेलचं टेक्स्चर (त्यावर चढवायचं चित्र). मटेरियल जितकी जास्त, तितके ग्राफिक्स कार्डाला ड्रॉ कॉल (चित्र काढण्याच्या सूचना) जास्त, म्हणून पंप नजरेत येताच गाडी अडखळते. सगळं रंगकाम १०२४ च्या एका टेक्स्चरमध्ये बसवायचं आणि काचेला तेवढं वेगळं पारदर्शक मटेरियल द्यायचं, ही साधी रीत.

मॉडेल उसनं आहे हे पंपानेच सांगितलं. वर गॅलनच्या खुणांचं काचेचं नळकांडं होतं. हा १९२० च्या दशकातला प्रकार: दांडा हलवून पेट्रोल वर काचेत चढवायचं आणि तिथून ते आपल्या वजनाने गाडीत उतरायचं. खाली मात्र रक्कम दाखवणारे फिरते आकडे. तसले पंप १९३० च्या दशकातले, आणि त्यांत काचेत पेट्रोल मोजून घ्यायची गरजच उरली नव्हती. दोन वेगळी मॉडेलं कापून जोडली होती. रेंडर चित्रावरून इंटरनेटवर शोध घेतल्यावर तेच चित्र एका विदेशी मॉडेल बाजारात सापडलं. तिथला परवाना फक्त संपादकीय (बातम्या-लेखांतल्या) वापराचा. असं मॉडेल रूटसोबत वाटलं, तर मूळ कलाकाराची तक्रार रूट बांधणाऱ्यावर येते. आम्हाला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

म्हणून पैसे देण्याआधी ब्लेंडरमधलं वायरफ्रेमचं (फक्त जाळीच्या रेषा दाखवणारं) चित्र मागा, त्यात ओव्हरलेमधली आकडेवारी (त्रिकोणांची संख्या वगैरे) सुरू असावी. एडिट मोड (ज्यात जाळी बदलता येते) चालू-बंद करतानाचं छोटं स्क्रीन रेकॉर्डिंगही मागा. ज्याने खरोखर बनवलंय त्याला हे द्यायला दोन मिनिटं लागत नाहीत. टेक्स्चरशिवायचं राखाडी मॉडेल पाहून पहिला हप्ता द्या, सिम्युलेटरमध्ये चालवून पाहिल्यावर शेवटचा. मूळ फाइल आणि वाटपाचा हक्क लेखी घ्या. सुरुवातीला एकच पंप बनवून घ्या, पूर्ण आवार नको.

पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक, चॅट आणि ती रेंडर चित्रं हाताशी ठेवा. चॅट पुसू नका, विक्रेत्याला ब्लॉकही सगळे स्क्रीनशॉट घेतल्यावरच करा.