पापणी न लवू देता : मायकेल केनचा एक तास

गेल्या पावसाळ्यात एका मालिकेत दोन दिवसांचं काम मिळालं, मुलीच्या बापाचं. राज्य नाट्य स्पर्धेत १८ वर्षं उभा राहिलेला माणूस मी. नाशिकच्या सायखेडकर नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची सवय. क्लोजअप लागला, पहिलं वाक्य बोललो आणि दिग्दर्शक जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, फक्त माझ्यापर्यंत पोचू द्या." सात टेक झाले. ते वाक्य घरी आल्यावरही डोक्यातून जाईना.

मग पुतण्यानं बीबीसीचा १९८७ सालचा 'अ‍ॅक्टिंग इन फिल्म' हा कार्यक्रम लावून दिला. जेमतेम तासाभराचा. ब्रिटिश सिनेनट मायकेल केन पाच तरुण नटनट्यांना कॅमेऱ्यापुढचं काम शिकवतो. प्रवेश त्याच्याच 'आल्फी', 'डेथट्रॅप' आणि 'एज्युकेटिंग रीटा' या चित्रपटांतले. केनचा बाप लंडनच्या मासळीबाजारात हमाल होता, आणि शिकवण्याची त्याची तऱ्हाही कामकऱ्याचीच आहे. अंबडला आमच्या कारखान्यात जुना फिटर नव्या पोराच्या हातात मायक्रोमीटर देतो ना, तशी. आधी करून दाखवायचं, कारण मागाहून.

सगळ्यात मोलाचा भाग डोळ्यांचा. पापणी लवली की माणूस कच्चा वाटतो, नाही लवली की त्याच वाक्याला वजन येतं, हे तो स्वतःच्या चेहऱ्यावर दाखवतो. दुसरं, समोरच्याच्या दोन्ही डोळ्यांत आळीपाळीनं बघू नका; कॅमेऱ्याच्या बाजूचा एकच डोळा धरा. मी लगेच बायकोला समोर बसवलं, मोबाइल तिच्या उजव्या कानाशी उभा केला आणि तिच्या उजव्याच डोळ्यात बघत मालिकेतलं ते पहिलं वाक्य म्हटलं. रेकॉर्डिंग पाहिलं तर नजर स्थिर आणि चेहरा आपोआप कॅमेऱ्याकडे वळलेला. इतकी वर्षं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दारुड्याबद्दलही असंच. आपण झोकांड्या खातो. केन म्हणतो, प्यायलेल्या माणसाची सगळी धडपड सरळ चालायची असते, ती धडपड करा. रडण्याचंही तेच : रडू आवरायचा प्रयत्न दिसला की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं.

रंगभूमीला मात्र तो कमी लेखत नाही, आणि म्हणून मला तो जवळचा वाटला. नाटक ही सुरीनं केलेली शस्त्रक्रिया, सिनेमा लेझरनं केलेली, अशी त्याची उपमा आहे. ती ऐकताना डॉ. श्रीराम लागू आठवले. १९७० साली तात्यासाहेबांच्या, म्हणजे वि. वा. शिरवाडकरांच्या, 'नटसम्राट'मधले अप्पा बेलवलकर पहिल्यांदा उभे करणारा हा नट मुळात कान-नाक-घशाचा सर्जन. आम्हा नाशिककरांचे आवाज तात्यासाहेबांच्या स्वगतांवर घासून तयार झालेत. तो आवाज मला टाकायचा नाही. कॅमेऱ्यापुढे तो आत कसा ठेवायचा, एवढंच शिकायचं होतं.

उणीव आहे. भूमिका आतून कशी सापडते, तिचा अभ्यास कसा करायचा, यावर फार काही हाती लागत नाही. भर सगळा तंत्रावर. पाच जणांना पुरेसा वेळही मिळत नाही. एखादी मुलगी प्रवेशात रंगायला लागते आणि केन पुढच्या मुद्द्याकडे वळतो. इंग्रजी लंडनच्या वळणाचं आहे, मला काही वाक्यं तीनदा ऐकावी लागली.

तरीही हौशी नाटक करून मालिकांकडे वळू बघणाऱ्या प्रत्येकानं हा तास बघावा, हातात वही घेऊन, थांबवत थांबवत. फक्त मोबाइलवर नको. त्या छोट्या चौकोनात पापणीचा फरक कळत नाही. मी दुसऱ्यांदा पाहिला तो आमच्या तालमीच्या खोलीत, भिंतीवर पांढरी चादर लावून, मुलांबरोबर. डोळ्यांचा भाग त्यांनी पुन्हा लावायला सांगितला.