बँफमध्ये ‘अख्खं घर’ भाड्यानं मिळतंय? आधी हे वाचा

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात फिरायला येणाऱ्या आपल्या लोकांचा बेत साधारण एकच असतो. कॅल्गरीला उतरायचं, गाडी घ्यायची, डोंगरातल्या बँफ गावी मुक्काम टाकायचा, लेक लुईस आणि मोरेन लेक बघायचे, जमलंच तर आइसफील्ड्स पार्कवेनं जॅस्परपर्यंत जाऊन यायचं. उन्हाळ्यात बँफमध्ये साध्या हॉटेलच्या खोलीलाही रात्रीचे चारशे-पाचशे डॉलर सहज पडतात. मग म्हातारी माणसं आणि पोरंबाळं घेऊन निघालेलं कुटुंब ‘अख्खं घर, स्वयंपाकघरासह’ अशी जाहिरात शोधायला लागतं. भामटे नेमके तिथंच टपून बसलेत. जून २०२४ मध्ये आमचे १,१४० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावानं सत्तर हजार रुपयांच्या आसपास, अशाच एका घरापायी गेले. घर कुणाचं होतं हे आजही ठाऊक नाही. बँफमध्ये ते नव्हतं एवढं नक्की.

आम्ही राहतो ऑन्टारिओ प्रांतात, टोरोंटोजवळच्या मिसिसागाला. सासू-सासरे कोल्हापूरहून आले होते. सासूबाईंना बाहेरचं दोन वेळच्या वर सोसत नाही, त्यामुळे गॅस आणि चार भांडी असलेलं घर हवं होतं. प्रवासाच्या गप्पा चालतात अशा एका गटात जाहिरात दिसली. भाडं रात्रीला २९० डॉलर. स्वस्त होतं, पण शंका यावी इतकंही स्वस्त नाही. भामटे हल्ली भाव असाच लावतात. फोटो सुंदर, मोठ्या खिडकीतून तीन शिखरं दिसताहेत, ओट्यावर फळांची टोपली. मालक बोलायला मिठ्ठास. पहिल्याच निरोपात त्यानं विचारलं, तुम्ही कुठून येणार? मिसिसागाहून, म्हटलं. सोबत वडीलधारी आहेत म्हटल्यावर खाली एक झोपायची खोली आहे, जिना चढायला नको, हेही सांगितलं. कार्डानं पैसे देते म्हटलं तर म्हणाला, कार्डावर तीन टक्के वर पडतील, तुमचंच नुकसान, त्यापेक्षा ई-ट्रान्सफर करा, म्हणजे बँकेच्या खात्यातून थेट पाठवा. भारतातल्या एखाद्या खात्यावरून पाठवायचे असतील तरी सोय आहे, अशीही पुस्ती जोडली. नंतर तीन पानी करार आला, वर राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या पार्क्स कॅनडा या सरकारी खात्याचं बीव्हरचं चिन्ह छापलेलं. सोबत बिल.

त्या बिलाबद्दल पुढं सांगते, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

बँफ गावातल्या बऱ्याच रस्त्यांना प्राण्यांची नावं आहेत. अस्वल, लांडगा, कॅरिबू, मूस, खार. मुलगा खिडकीतून पाट्या वाचत होता आणि सासरे प्रत्येकाचं मराठी नाव सांगत होते. पत्त्यावर पोचलो तर समोर दुमजली लाकडी इमारत, दाराशी सायकलींची रांग, कठड्यावर वाळत घातलेले हॉटेलच्या गणवेशाचे शर्ट. दाराच्या कुलपाचा जो चार आकडी क्रमांक मिळाला होता तो दाबायला तिथं आकड्यांचं कुलूपच नव्हतं. फोन लावला, बंद. निरोप पाठवला, एक टिक. इतक्यात एक फिलिपिनो बाई वाणसामानाच्या पिशव्या घेऊन आल्या. फोनवरचे फोटो बघून त्यांनी मान हलवली. ही इमारत एका हॉटेलच्या कामगारांची आहे, त्या म्हणाल्या, आणि बँफमध्ये असं घर तुम्हाला कुणीच देऊ शकत नाही. मग खिडकीच्या फोटोवर बोट टेकवलं. ही तीन शिखरं म्हणजे थ्री सिस्टर्स. ती शेजारच्या कॅनमोर गावाची ओळख. बँफच्या घरातून माउंट रंडल दिसेल, कॅस्केड दिसेल. थ्री सिस्टर्सचं असं दृश्य कसं दिसेल?

“कुणीच देऊ शकत नाही” हे मला तेव्हा अतिशयोक्ती वाटलं. ती अतिशयोक्ती नाही. बँफ गाव राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे. १९९० साली गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली, पण जमीन आजही केंद्र सरकारची, लोकांकडं ती भाडेपट्ट्यानं. तिथं राहायचं तर साधारणपणे तुमचं तिथं काम किंवा धंदा असावा लागतो. पैसा आहे म्हणून टोरोंटोच्या माणसानं बँफमध्ये सुट्टीचं घर घ्यावं आणि उरलेले महिने भाड्यानं द्यावं, हे चालत नाही. घरगुती मुक्काम मिळतो तो परवाना असलेल्या बेड अँड ब्रेकफास्टमध्ये, आणि तिथं घरमालक स्वतः राहत असतो. म्हणजे ‘अख्खं घर तुमचंच, मालक बाहेरगावी’ ही जाहिरात बँफपुरती वाचल्याबरोबर खोटी ठरते. त्या भामट्याला बँफ माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं, आणि त्याचा धंदा तेवढ्यावरच चालतो.

जूनमध्ये तिथं सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो म्हणून बरं, नाहीतर अंधारात पाच माणसं घेऊन कुठं हिंडणार? नवरा फोनवर ओरडायच्या बेतात होता. सासरे म्हणाले, “अरे, पैसे गेले ते गेले. आधी पोराच्या पोटाचं बघ.” कॅनमोरच्या पुढं महामार्गालगत एका मोटेलात दोन खोल्या मिळाल्या. सासूबाईंनी दशम्या आणल्याच होत्या, त्यावर रात्र भागली.

दुसऱ्या दिवशी बँफच्या पोलीस ठाण्यात गेलो. तिथं पोलीस म्हणजे आरसीएमपी, कॅनडाचं केंद्रीय पोलीस दल. तक्रार घेणाऱ्या तरुण पोलिसानं बिल काउंटरवर पसरलं आणि पेनाचं टोक एकेका ओळीवर ठेवत गेला.

पहिली ओळ, भाडं ८७० डॉलर. ठीक.

दुसरी ओळ, एचएसटी, म्हणजे केंद्राचा आणि प्रांताचा मिळून एकत्र विक्रीकर, तेरा टक्के, ११३ डॉलर १० सेंट. तो हसला. अल्बर्टात एचएसटी नाहीच. इथं प्रांताचा विक्रीकरच नाही, फक्त केंद्राचा जीएसटी पाच टक्के. मुक्कामाच्या बिलावर तेव्हा प्रांताची चार टक्के पर्यटनपट्टी लागायची, ती मात्र या बिलात कुठंच नव्हती. तेरा टक्के एचएसटी ऑन्टारिओचा. कुठून येणार असं त्या भामट्यानं पहिल्याच निरोपात का विचारलं असेल, ते तेव्हा कळलं. रोज दुकानात जो आकडा डोळ्यांखालून जातो तोच बिलावर दिसला की माणूस पुढं वाचतच नाही. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या माणसाला त्यानं तिथले पाच टक्के जीएसटी आणि सात टक्के प्रांताचा कर लावला असता.

तिसरी ओळ, पार्क परमिट, माणशी २८ डॉलर, चार मोठ्यांचे ११२. उद्यानाचा पास खरोखर लागतो, पण तो घरमालक विकत नाही. पार्क्स कॅनडाच्या संकेतस्थळावर किंवा उद्यानाच्या नाक्यावर मिळतो. २०२४ मध्ये एका गाडीतल्या सात जणांपर्यंतच्या गटाला मिळून दिवसाचा पास २२ डॉलर होता. एकट्या मोठ्या माणसाला ११, आणि सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट.

चौथी ओळ, मोरेन लेक वाहन प्रवेश, ४५ डॉलर. इथं पेन थांबलं. २०२३ पासून मोरेन लेकच्या रस्त्यावर खाजगी गाड्यांना बंदीच आहे. अपंगत्वाचा परवाना असलेल्यांसारखे थोडे अपवाद सोडले तर कुणालाच गाडी नेता येत नाही, आणि त्यासाठी पैसे भरून मिळणारा पास अस्तित्वातच नाही. तरी असे ‘गाडीचे पास’ आणि ‘पहाटेच्या राखीव जागा’ विकणारे आजही भेटतात. तुम्ही पैसे भरून फाट्यापर्यंत जाता आणि तिथला माणूस हात करून गाडी परत फिरवतो.

खरी पद्धत सोपी आहे, फक्त घड्याळ सांभाळावं लागतं. लेक लुईस स्की रिसॉर्टच्या वाहनतळावर गाडी लावायची आणि पार्क्स कॅनडाच्या शटल बसनं जायचं. मोठ्या माणसाला तेव्हा आठ डॉलर आणि वर आरक्षणाचा किरकोळ आकार. यातल्या चाळीस टक्के जागा वसंतातच विक्रीला निघतात. उरलेल्या साठ टक्के, प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी आठला. आठ म्हणजे अल्बर्टाचे आठ, टोरोंटोत तेव्हा दहा वाजलेले असतात. भारतातून कुणी नातेवाईक तुमच्यासाठी आरक्षण करणार असेल तर त्याला उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसात सांगा. आम्ही मोटेलच्या पलंगावर तीन फोन घेऊन बसलो आणि जागा मिळाल्या. सासरे तळ्याकाठी बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, रंग खरा वाटत नाही. बर्फनदीनं दळलेल्या दगडाचं पीठ पाण्यात तरंगतं, त्याचा तो रंग.

घरच हवं असेल तर कॅनमोर बघा. बँफपासून पंचवीसेक किलोमीटर, पण उद्यानाच्या हद्दीबाहेर. तिथं ठरावीक भागांत पर्यटकांना घर भाड्यानं देता येतं आणि त्यासाठी नगरपालिकेचा परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक मागा आणि नगरपालिकेत फोन करून खात्री करून घ्या. प्रामाणिक मालकाला त्याचा राग येत नाही. जाहिरातीतले फोटो गूगलच्या चित्रशोधात टाकून बघा. आमचे फोटो घरविक्रीच्या एका जुन्या जाहिरातीतले निघाले, फळांच्या टोपलीसकट. जॅस्पर गावही उद्यानातच आहे, त्यामुळे तिथल्या ‘अख्ख्या घरा’बद्दलही हीच सावधगिरी बाळगा.

जाता जाता व्हिसाबद्दल. सासऱ्यांच्या ओळखीतल्या एकाला गावातल्या एजंटानं “कॅनडाला आता ईटीए चालतो, ऑनलाइन काढून देतो” म्हणून पाच आकडी रक्कम मागितली होती. ईटीए म्हणजे व्हिसा न लागणाऱ्यांसाठीची ऑनलाइन प्रवास परवानगी. ईटीएची सरकारी फी आहे सात डॉलर, आणि नुसत्या भारतीय पासपोर्टवर फिरायला येणाऱ्याला तो लागूच नाही. त्याला व्हिजिटर व्हिसाच काढावा लागतो. फी शंभर डॉलर, बोटांच्या ठशांचे माणशी पंच्याऐंशी वेगळे. व्हिसाची ‘गॅरंटी’ कुणीही देऊ शकत नाही.

आमचे पैसे परत मिळाले नाहीत. समोरच्या खात्याला ऑटोडिपॉझिट, म्हणजे आलेले पैसे आपोआप स्वीकारायची सोय, लावलेलं होतं, त्यामुळे ई-ट्रान्सफर क्षणात जमा झालं आणि बँकेनं हात वर केले. पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत, आता काही करता येत नाही, एवढंच उत्तर. क्रेडिट कार्डानं दिले असते तर कार्ड कंपनीकडं वाद नोंदवता आला असता, आणि तीन टक्क्यांची भीती दाखवण्यामागं कारणही तेच.

तुम्ही पैसे पाठवून बसला असाल तर आधी बँकेचं ॲप उघडा. समोरच्यानं ई-ट्रान्सफर अजून स्वीकारलेलं नसेल तर ते तुम्हाला स्वतःच रद्द करता येतं. जमा झालं असेल तर बँकेला लगेच फोन करा, पोलिसांत तक्रार द्या आणि कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरला १-८८८-४९५-८५०१ वर कळवा. निरोप, बिल, करार यातलं काही पुसू नका. रक्कम भारतातल्या खात्यातून गेली असेल तर घरच्यांना १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्याच तासात फोन करायला सांगा. तिथं जितक्या लवकर कळेल तितकी पैसे पुढं जायच्या आत खातं गोठवलं जाण्याची शक्यता जास्त.